लाल उजेडात न दिसणारं चित्र

पत्र: मी सिंदेवाही तालुक्यातला, वय २१. आमच्या गावच्या मंडळासाठी नाटक लिहितो आहे. परग्रहावरच्या लोकांनी आपला मुलूख ताब्यात घेतला आहे, सगळ्या कलांवर बंदी आहे, आणि एक पोरगी चोरून चित्रं काढते. एका पोराचा तिच्यावर जीव जडतो. मंडळात वाचन केलं, तर परग्रहवासी स्टेजवर आले की सगळे हसतात. दुसरी अडचण अशी की तिचं चित्र त्यांना दिसू नये, पण मागे बसलेल्या माणसाला दिसावं. हे कसं जमवायचं? आणि गावासमोर प्रेमाचा प्रसंग कसा करायचा? शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत प्रयोग आहे. पहिला अंक सोबत जोडला आहे.
— एक वाचक

उत्तर:

अंक वाचला. लोक हसतात ते परग्रहवाल्यांना नाही, त्यांच्या कपड्यांना हसतात. चंदेरी कागद, डोक्यावर स्प्रिंगा, पाठीला थर्माकोलची पेटी, असं तू कंसात लिहिलं आहेस. आपल्या झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भाचा, प्रेक्षक रात्र रात्र नाटक बघणारा आहे. पाच फुटांवर उभा असलेला बंडू त्याला कोणत्याही मुखवट्यातून ओळखू येतो. परग्रहवाल्यांना स्टेजवर आणूच नकोस. ते आले की फक्त उजेड बदलू दे, सगळं स्टेज लालभडक होऊ दे. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच लाल उजेडात आहे. पण आधी बंदीचं बोलू, कारण पहिल्या अंकात खरा घोळ तिथे आहे.

'सगळ्या कला बंद' असं तू दवंडीत म्हटलं आहेस. एवढी मोठी बंदी कोणी घालत नाही आणि घातली तरी चालवता येत नाही. राज्य करणारा कलेवर बंदी घालतो ती कलमं पाडून, कारणं देऊन, अपवाद ठेवून. इंग्रजांनी १८७६ साली नाटकांसाठी कायदा केला, तेव्हा नाटक बंद असं म्हटलं नाही. बदनामीकारक, अश्लील, सरकारबद्दल अप्रीती पसरवणारा प्रयोग तेवढा थांबवता येईल, असं म्हटलं. त्या फटीतून बरंच निसटत राहिलं. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे व्हाइसरॉय राहिलेला कर्झन, द्रौपदी म्हणजे हा देश, हे पिटातल्या माणसाला पहिल्या रात्री कळलं. सरकारची बंदी आली १९१० मध्ये. मधल्या काळात प्रयोग होत राहिले, कारण कागदावर ती महाभारतातली गोष्ट होती. साहेबाला ती समजावून सांगणारं कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी आपल्यातलंच असतं.

तुझ्या नाटकात हे पात्रच नाही. खलनायक म्हणून तू परग्रहाचा सेनापती ठेवला आहेस. तो काढून टाक आणि गावचा कोतवाल घे. परग्रहवाल्यांना चित्र दिसत नाही, कोतवालाला दिसतं. त्यानं सांगितलं तरच त्यांना कळणार. एवढ्यावर दोन अंक चालतील.

बंदीचं कलम एकच ठेव, पण नेमकं. उदाहरणार्थ: 'जे समोर नाही ते भिंतीवर, कापडावर, कागदावर दिसता कामा नये.' समोर बैल असेल तर बैल काढता येईल, मेलेला बैल काढता येणार नाही. गेलेल्या आईचा चेहरा काढला तर गुन्हा. कारणही दे: हे लोक प्रत्येक वस्तू मोजतात, चित्रातला बैल मोजणीत बसत नाही आणि हिशेब चुकतो. मग अपवाद. घर क्रमांक, रेशनच्या खुणा, फवारणीची तारीख लिहायला परवानगी. म्हणजे पोरीच्या हातात ब्रश आणि गेरूचा डबा सरकारी कामासाठीच आला, आणि पोरगा तिची शिडी धरायला नेमलेला. ती रानात गुहेत बसून चित्रं काढते असं तू लिहिलं आहेस, त्यापेक्षा हे बरं. चोरून करायची गोष्ट रोजच्या कामाच्या आड लपते, गुहेत जाणारा माणूस दुसऱ्याच दिवशी लोकांच्या डोळ्यांत येतो.

आता उजेड आणि कापड. हे नीट वाच, कारण इथे चूक झाली तर नाटक तिथेच बसेल.

कापड हळदीत रंगवायचं आणि त्यावर चुन्याच्या निवळीनं चित्र काढायचं. हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू त्याच गुणावर तयार होतं. म्हणजे पोरगी पाण्यासारख्या पातळ द्रवात ब्रश बुडवते आणि पिवळ्या कापडावर लाल रेघ उमटते, तीही प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर. शिवाय हळदीचं कापड कोणाच्याही घरात संशयाशिवाय पडून राहू शकतं. लग्नघर दाखवलंस तर काम झालंच.

मांजरपाट घे, तीन मीटर, पूर्ण सुती. पॉलिस्टर मिसळलेलं कापड हळद धरत नाही, फिकट आणि डागाळलेलं दिसतं. नव्या मांजरपाटाला खळ असते, ती धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन काढ. त्यानंतर साध्या पाण्यात चार-पाच वेळा खंगाळ आणि शेवटच्या पाण्यात एक लिंबू पिळ. हे शेवटचं लिंबू विसरलास तर कापडात राहिलेल्या सोड्यामुळे हळदीत टाकताक्षणी लाल चट्टे पडतील आणि ते कापड वाया. आठ लिटर पाण्यात शंभर ग्रॅम हळद वीस मिनिटं उकळ, जुन्या धोतरातून गाळ, ओलंच कापड त्यात अर्धा तास बुडव, अधूनमधून हलव. गाळलं नाहीस तर हळदीचे कण कापडावर बसतात आणि तिथे गडद ठिपके येतात. वाळवायचं सावलीत. हळदीचा रंग उन्हात उडतो, दोन दिवस आवारात टांगलंस तर पांढरट होईल. साबण त्याला पुन्हा लावायचा नाही.

निवळीसाठी खायचा चुना, सुपारीएवढा गोळा, एक लिटर पाण्यात ढवळून रात्रभर ठेव. सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हातानं काढून घट्ट बुचाच्या बाटलीत भर. बाटली उघडी राहिली तर हवेनं वर साय धरते आणि जोर कमी होतो. ढवळलेला गढूळ चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. ढवळायचं काम मोठ्या माणसानं करावं, आणि तालमीला बाजूला स्वच्छ पाण्याची बादली हवीच. डोळ्यांत उडालाच तर तिथल्या तिथे भरपूर पाण्यानं बराच वेळ धुवायचं आणि दवाखाना गाठायचा.

नुसत्या निवळीनं रेघ पसरते. एक पेला पाण्यात दोन चमचे तांदळाचं पीठ शिजवून केलेली पातळ खळ गार करून निवळीत अर्ध्याला अर्धी मिसळ, रेघ जागेवर राहील. ब्रश चपटा, दोन इंची. ऐंशी फुटांवर बसलेल्या माणसाला बारीक नक्षी दिसत नाही. मोर, वेल, डोळ्यांतली बाहुली असलं काही काढायला लावू नकोस. ठसठशीत बाह्यरेषेचा एक बैल किंवा एक चेहरा पुरे. अक्षरं हवी असतील तर आठ इंचांहून लहान नकोत.

चुन्याचा लाल रंग टिकत नाही, वाळता वाळता तपकिरी होतो आणि मग पिवळ्याकडे सरकतो. म्हणून पहिल्या अंकात काढलेलं चित्र तिसऱ्या अंकात दाखवायचं असेल, तर ते दुसऱ्या कापडावर, चुन्याऐवजी धुण्याच्या सोड्यानं, मध्यंतरात काढून ठेव. एका पेल्याला दोन चमचे सोडा पुरतो आणि रंग जास्त वेळ राहतो. प्रेक्षकाला दोन कापडांतला फरक कळत नाही.

आता लाल उजेड. पिवळ्यावरची लाल रेघ निव्वळ लाल उजेडात जवळजवळ दिसेनाशी होते, कारण पिवळं आणि लाल दोन्ही तो उजेड सारखाच परत टाकतात. म्हणजे ते लोक आले, स्टेज लाल झालं, आणि जे चित्र आत्ता सगळ्या गावानं पाहिलं ते कापडावरून गायब. ते गेले, पांढरा उजेड आला, चित्र जागेवर. परग्रहवाल्यांचे डोळे असे आहेत हे एका वाक्यात कोतवालाच्या तोंडून सांगून टाक, पुढचं प्रेक्षक आपोआप समजतो.

डेकोरेशनवाल्याकडून एलईडी पार, म्हणजे रंग बदलणारे स्टेजचे दिवे, घे, चार तरी हवेत. लाल पूर्ण, म्हणजे २५५ वर, हिरवा आणि निळा शून्यावर. जुन्या हॅलोजनवर लाल जिलेटीन लावून भागवायचं म्हटलंस तर कडेनं पांढरा उजेड गळतो आणि रेघ दिसते. मंडपातल्या ट्यूबलाइट, चहावाल्याचा बल्ब, आयोजकांच्या टेबलावरचा दिवा हे सगळे त्याच वेळी बंद झाले पाहिजेत. एक माणूस फक्त त्या बटनांसाठी ठेव आणि त्याला नाटकात भूमिका देऊ नकोस. रात्र दाखवायला निळा उजेड टाकायची सगळ्यांना सवय असते. या नाटकात निळा अजिबात नको: निळ्यात पिवळं कापडच काळपट पडतं, मग लाल रेघ कुठे आणि कापड कुठे, काही कळत नाही. रात्रीसाठी मंद पांढरा ठेव, त्यात थोडा हिरवा मिसळला तर रेघ आणखी उठून दिसते.

याच उजेडात आणखी एक गोष्ट होते, ती वापर. स्टेज लाल झालं की पोरीच्या कपाळावरचं कुंकूही दिसेनासं होतं. ओठांचा रंग जातो, हिरवं लुगडं काळं पडतं. कोतवालाला हिरवा दुपट्टा दे. एरवी तो गावातलाच माणूस वाटेल, ते लोक आले की त्याच दुपट्ट्यात काळा दिसेल. याबद्दल एकही वाक्य लिहू नकोस.

प्रेमाचा प्रसंग. तुझ्या अंकात पोरगा म्हणतो, 'तू माझ्या आयुष्यातला रंग आहेस, हे जुलमी लोक तो पुसू शकणार नाहीत.' हे वाक्य सिनेमातून आलं आहे, आणि शंकरपट बघून आलेली माणसं त्याला शिट्ट्या मारतील. त्याऐवजी दोघांना काम दे. हळदीतून काढलेलं तीन मीटर ओलं कापड एकट्यानं पिळता येत नाही. दोन टोकं दोघांनी धरायची आणि एकमेकांच्या उलट दिशेनं पीळ द्यायचा. पहिल्यांदा पोरगा तिच्याच दिशेनं पिळतो, कापड नुसतं फिरत राहतं, पाणी निघत नाही. ती हातानं खूण करते. मग पीळ बसतो, कापड आखडत जातं, आणि तीन मीटरवर उभे असलेले दोघं पीळ सुटू नये म्हणून एक एक पाऊल जवळ येतात. पिवळं पाणी खाली घमेल्यात पडू दे, त्याचा आवाज माइकला घे. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. गावातल्या कोणत्याही आजीला याला हरकत घेता येणार नाही आणि काय चाललंय ते तिला सगळ्यात आधी कळेल. पिवळे झालेले तळहात दोन दिवस जात नाहीत, हे पुढच्या प्रसंगात कोतवालाच्या लक्षात येऊ दे.

प्रेम आणि चित्र यांची एकमेकांना अडचण झाली पाहिजे. सध्या तुझ्या नाटकात पोरगा चित्राचं कौतुक करतो, पोरगी खूश होते आणि शत्रू बाहेर आहे. त्यात पेच नाही. हळदीवरची लाल रेघ लिंबाच्या पाण्यानं पुसली की पुन्हा पिवळी होते. पोराच्या खिशात लिंबू ठेव. कोतवाल येतो आहे, कापडावर तिच्या गेलेल्या आईचा चेहरा आहे, आणि तो पुसला तर पोरगी वाचते. पुसायचं की नाही, आणि पुसलं तर ती त्याला माफ करेल का? तुझा तिसरा अंक हा आहे. संवादही आपल्याच बोलीत येऊ दे:

'लिंबू कुठी ठेवलं?'
'खिशात हाये.'
'लागलं तं पिळजो. माह्याकडं पाहत बसू नोको.'

करून बघ आधी. एका पेल्यात दोन लिंबं पिळून फडक्यानं पुसलं की रेघ लगेच जाते. मात्र सोड्यानं काढलेल्या चित्रावर लिंबू फसफसतं, आणि माइक जवळ असेल तर ते ऐकूही येतं. पुसायचं चित्र चुन्याचंच ठेव.

गर्दीचा प्रसंग तुला शेवटी हवा आहे, बाँबस्फोट लिहिला आहेस. तो काढ. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, नागपुरात काळी-पिवळी मारबत आणि बडगे हे पुतळे १८८० च्या दशकापासून रस्त्यावर येतात, आणि ज्याच्यावर राग त्याचा पुतळा करून हसत हसत जाळतात. मोजणी करणाऱ्या परग्रहवाल्यांच्या वहीत ती 'कचरा जाळणे' या सदरात मंजूर झालेली असणार. यातून काय काढायचं ते तू बघ, आमच्या मते तुझा शेवट तिथे कुठेतरी आहे.

दडपशाही कशी असते याची माहिती पुस्तकांपेक्षा जवळ मिळेल. चिमूर तुझ्याच जिल्ह्यात आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथे आणि आष्टीत उठाव झाला, पाठोपाठ फौज आली, घरांच्या झडत्या झाल्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना त्याच महिन्यात अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. त्यांच्या हातात खंजिरी होती आणि तोंडी भजन, सरकारला तेवढंही पुरलं. धानाची रोवणी आटोपली की एक दिवस चिमूरला जा आणि ज्या घरांतून माणसं धरून नेली तिथल्या नातवंडांना साधे प्रश्न विचार: काय लपवलं होतं, धानाच्या ढोलीत की आणखी कुठे, झडतीला कोण पुढे होतं, पोरांना काय सांगून ठेवलं होतं. लढ्याबद्दल काय वाटतं असं विचारलंस तर भाषण ऐकायला मिळेल.

कागदपत्रं लवकर कर. जाहीर प्रयोगाच्या आधी संहिता राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बंदी घातलेल्या कलेवरचं नाटक आधी मंजुरीला जाणार, याची गंमत मंडळातल्या पोरांना वाटेल, पण त्यावरचा विनोद संहितेत घालू नकोस. पोलीस ठाण्याची परवानगी वेगळी. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद ठेवायचा नियम आहे, सूट कोणत्या दिवसांना आहे ते ठाण्यात आधी विचार, आणि प्रयोग लवकर लावता आला तर लाव. तासाभराची एकांकिका केलीस तर आपले लोक 'झालं एवढंच?' म्हणून उठतील. गाण्यांसह दोन-सव्वादोन तास धर.

पत्राच्या शेवटी दोन ओळी लिहून खोडल्या आहेस. शाई पातळ होती, 'ती भूमिका तिलाच द्यायची आहे, पण तिला माहीत नाही' एवढं वाचता आलं. विचारलं नाहीस, तरी सांगतो. नाटकातल्या वाक्यांतून तिला काही कळवू नकोस. चारशे माणसांसमोर तोंडपाठ केलेल्या संवादात तिला नाही म्हणता येत नाही, आणि प्रयोगानंतर गाव तिलाच विचारणार. तालमी शाळेत किंवा समाजमंदिरात, उजेड असताना, तिच्या मैत्रिणीला किंवा भावाला बसायला जागा ठेवून कर. तिचे संवाद तिला आधी वाचायला दे आणि जे तोंडात बसत नाहीत ते तिला बदलू दे. कापड पिळायच्या प्रसंगात पोराची भूमिका तू करू नकोस, लेखक म्हणून समोर बसून पाहा. जे सांगायचं ते प्रयोग संपल्यावर, एकदा, साध्या शब्दांत सांग. आणि ती नाही म्हणाली तरी पुढच्या गावच्या प्रयोगाला भूमिका तिचीच राहील, हे मंडळाच्या वहीत आजच लिहून ठेव.